परड्यात शेड घालायची आणि कामाचं टेबल करायचं तर: आधी पाण्याची वाट बघा, मग पाइप आणायला जावा

ड्रिल मशीन घेतलं, मग ग्राइंडर घेतला, करवत आणि रंधा आज्जाचा होताच, आणि मग काम करायचं कुठं तर सोप्यात, म्हणजे घरभर भुसा आणि आईची बोलणी. असं दोन वर्षं चाललं. आमच्या बेळगावात काय, खानापूर-निपाणी-चिक्कोडीकडं काय, जुन्या घराला मागं थोडंतरी परडं असतंय, त्यात एक पेरूचं झाड, कपडे धुवायचा दगड, फुटकी कौलं आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं भंगार. तीच जागा वापरायची ठरवलो मी आणि पहिल्या खेपेला सपशेल आपटलो. एप्रिलात सुरूचे चार वासे थेट मातीत गाडलो, वर जुने पत्रे टाकलो, खाली जमीन सारवून घेतलो आणि आत प्लायचं टेबल. जूनच्या शेवटाला टेबलाचे पाय फुगले, जुलैत शेडमधनं ओढा वाहायला लागला, आणि दिवाळीपर्यंत दोन वाशांची बुडं वाळवीनं खाल्ली. शेजारचे मामा गवंडीकाम केलेले, कंपाउंडवरनं बघून एवढंच म्हणाले, "शेड बरं केलास की, पण पाणी कुठनं येऊलंय ते बगिटलास काय रे?" बगिटलो नव्हतो.

तर दुसरी शेड केली ती नीट, आणि ती कशी केली ते सगळं मापासकट लिहितोय. १२ फूट बाय ८ फूट, एका बाजूला उतार, लोखंडी पाइपचे सहा खांब आणि वर पत्रा. वेल्डिंग आणि वायरिंग सोडून बाकी सगळं घरातल्या दोघातिघांनी रविवार-रविवार करून होतंय.

एक पावसाळा नुसतं बघायचं

हे कुणाला पटत नाही पण सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन परड्यात उभं राहायचं आणि पाणी कुठनं येतंय, कुठं साठतंय, कुठनं बाहेर जातंय ते बघायचं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात आठवत नाही. घराच्या पागोळ्या जिथं पडतात तिथं शेड नको, शेजाऱ्याच्या परड्यातलं पाणी ज्या कोपऱ्यातनं आत येतंय तिथं तर नकोच. पावसाळा गेलाय आणि थांबायचं नाहीये, तर नळीनं दोन तास पाणी सोडून बघा, थोडा अंदाज येतोय.

माती पण बघायची. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला, खानापूर-बेळगावच्या बाजूला, तांबडी माती आणि जांभा, पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडं काळी. तांबड्या मातीत पाणी मुरतंय आणि जमीन बऱ्यापैकी जागेवर राहते, वाळवी मात्र भरपूर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं तिच्यावर थेट सिमेंटची कोबा-जमीन केली की दोन वर्षांत तडे जाणार म्हणजे जाणार. काळी माती असेल तर शेडच्या जागेची वरची फूट-दीड फूट माती काढून टाका आणि तिथं मुरूम भरा, ६-६ इंचाचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसानं ठोकून. एकदम सगळा मुरूम ओतून वरनं ठोकलं तर नुसता वरचा थर बसतो, खालचा तसाच पोकळ राहतो. आणि काळ्या मातीत मी असतो तर कोबा केलोच नसतो, पेव्हर ब्लॉक बसवलो असतो, वरखाली झाले तर उचलून परत बसवता येतात.

तोंड कुठं, पाठ कुठं

पावसाळ्यातला वारा आपल्याकडं पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं येतो. म्हणून शेडची पाठ, म्हणजे बुटकी बाजू, पश्चिमेला आणि उघडं उंच तोंड पूर्वेला. सकाळी उजेड पण टेबलावर येतोय. पूर्वेला जमत नसेल तर उत्तरेला तोंड करा. आणि एक, पत्र्याचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये. कंपाउंडपासनं निदान तीन फूट आत या, नाहीतर शेड टिकेल पण शेजार टिकणार नाही. तुमच्या ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जागा सोडायचा नियम असेल तो पण आधीच विचारून घ्या.

आखणी

लागतं काय तर सुतळी, आठ-दहा खुंट्या, टेप आणि दहा-बारा मीटर पारदर्शक नळी. चार कोपऱ्यांना खुंट्या मारून १२ बाय ८ चा चौकोन सुतळीनं आखायचा. आता हा चौकोन सरळ आहे का तिरका, ते डोळ्यानं कळत नाही, म्हणून कर्ण मापायचे. १२ बाय ८ चा कर्ण १४ फूट ५ इंच. दोन्ही कर्ण तेवढेच आले पाहिजेत, एक १४ फूट ८ आणि दुसरा १४ फूट २ आला तर खुंटी सरकवा. इथं अर्धा तास जास्त घातला की पुढं पत्रे बसवताना शिव्या घालाव्या लागत नाहीत. पहिल्या शेडला माझा शेवटचा पत्रा एका टोकाला चार इंच बाहेर आणि दुसऱ्या टोकाला आत होता.

नळीत पाणी भरून लेव्हल काढायची पद्धत गवंड्यांची आणि अजून तिला तोड नाही. नळीत बुडबुडा राहता कामा नये, एक राहिला तरी माप चुकतं. एका खुंटीवर जमिनीपासनं ३ फुटांवर खूण करा, नळीचं एक टोक तिथं धरा, दुसरं टोक दुसऱ्या खुंटीला लावा, पाणी स्थिर झालं की पहिल्या टोकाचं पाणी खुणेवर आणायचं आणि दुसरीकडं जिथं पाणी थांबलंय तिथं खूण. सगळ्या खुणा एकाच पातळीत. मग खुणेपासनं खाली जमिनीपर्यंत मापलं की जमिनीचा चढउतार कळतोय. आमच्या परड्यात ८ फुटांत ७ इंचाचा फरक निघाला आणि मला ती जागा सपाट वाटत होती.

लोखंड किती आणायचं

चौकोनी पाइप ६ मीटरचा येतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. माप ठरवताना हा आकडा डोक्यात ठेवा, नाहीतर तुकडे उरतात आणि ते परत परड्यातच पडतात. पुढचा खांब १० फूट ६ इंच, मागचा ९ फूट, दोन्ही मिळून साडेएकोणीस, म्हणजे एका पाइपात एक जोडी बसली. अशा तीन जोड्या. खांब २ फूट जमिनीत जाणार, म्हणजे वर पुढं साडेआठ आणि मागं सात फूट, आणि ८ फुटांत दीड फूट उतार. पत्र्याला आपल्या पावसात एवढा उतार पुरतो. तीन खांबजोड्यांवर तीन तिरके पाइप ९ फूट १० इंचाचे, एका पाइपात दोन निघतात, म्हणजे दोन पाइप आणि अर्धा उरतोय, त्या उरलेल्याचे कोपऱ्यांना तिरके टेकू करायचे. हे सगळं ५० बाय ५० मिमी, २ मिमी जाडीचं, एकूण पाच पाइप. त्यावर आडव्या पट्ट्या १३ फुटी तीन, ४० बाय ४० च्या. पाइप दोनच आणा. प्रत्येकातनं १३ फूट कापलं की ६ फूट ८ इंच उरतात, ते दोन तुकडे मधल्या तिरक्यावर जोडून तिसरी पट्टी होते.

कापून आणि वेल्डिंग करून घ्यायला उद्यमबागेच्या बाजूला फॅब्रिकेशनवाले मुबलक आहेत, माप कागदावर लिहून न्या आणि समोर उभं राहून कापून घ्या. तोंडी माप सांगून घरी आलो होतो मी एकदा, तीन खांब ९ फूट ६ चे आले. चूक कुणाची त्यावर अर्धा दिवस गेला. भाषेचा पण घोळ होतो कधीकधी, कामगार कन्नडवाला असला की वाळूला उसुकु, खिळ्याला मोळे, हातोड्याला सुत्तिगे, करवतीला गरगस, एवढे शब्द आले तरी काम भागतंय. आकडे मात्र कागदावरच.

खांबाचं वरचं तोंड उघडं ठेवू नका, पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत भरून पाइप आतनं सडतो आणि बाहेरनं काहीच कळत नाही. सगळ्या लोखंडाला रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि तो सुकल्यावर ऑइल पेंट. वेल्डिंगच्या जागी आधी तारेच्या ब्रशनं घासा, तिथनंच गंज सुरू होतोय.

खड्डे आणि काँक्रीट

सहा खड्डे, १५ बाय १५ इंच, २ फूट खोल. जांभा लागला तर पहार आणि धीर दोन्ही लागतंय, पण तिथं खांब हलणार पण नाही. काँक्रीट १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. ५० किलोचं पोतं म्हणजे सव्वा घनफूट सिमेंट, तेव्हा एका पोत्याला अडीच घनफूट वाळू आणि पाच घनफूट खडी. घमेल्यानं मोजायचं असेल तर एकच घमेलं सगळ्याला वापरा आणि सारखंच भरा, सिमेंटचं काठोकाठ आणि वाळूचं शिगोशीग असं नको. एका पोत्यात साधारण साडेपाच घनफूट काँक्रीट होतंय, सहा खड्ड्यांना १९ घनफूट, म्हणजे साडेतीन पोती, चार आणा. पाणी पोत्याला २५ ते २८ लिटर. पातळ माल ओतायला सोपा म्हणून सगळे पाणी वाढवतात आणि तिथंच ताकद जाते.

खांब खड्ड्यात उभा करून तो सरळ आहे का बघायला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) दोन बाजूंनी लावायचा, शेजारच्या दोन बाजूंनी, समोरासमोरच्या नव्हे. बाहेरच्या चार खांबांना आधी माल भरा, दोन दिवसांनी सुतळी ताणून मधले दोन. खांबाच्या बुडाशी काँक्रीट पुढं होणाऱ्या फरशीच्याही दोन इंच वर आणा आणि वरचा भाग बाहेरच्या बाजूला उतरता करा. लोखंड गंजतं ते नेमकं मातीला लागून असलेल्या गळ्याशी, तिथं पाणी थांबलं नाही की खांब वीस वर्षं बघायला नको. मग सात दिवस ओलं पोतं गुंडाळून पाणी मारायचं. उन्हाळ्यात दिवसातनं तीनदा. हे काम आमच्या घरी पोरांना दिलं होतं, नळी हातात मिळाली म्हणून त्यांनी कधी चुकवलं नाही.

पत्रा का कौल

मला मनातनं कौलच पाहिजे होतं. खानापूरची कौलं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, खाली गार राहतंय, पावसाचा आवाज गोड. पण कौलाला उतार निदान २५-३० अंश लागतो, आपला हा दीड फुटाचा उतार दहा-अकरा अंशच होतोय, एवढ्यावर कौल घातलं तर वाऱ्यानं पाणी उलटं आत येणार. शिवाय वासे, रिपा, वजन, आणि माकडं आली की रविवार कौलं परतण्यात. म्हणून पत्रा. ०.५ मिमीचा, १० फुटी, चार. साडेतीन फूट रुंदीचा पत्रा एकावर एक चढवल्यावर सव्वातीन फूट झाकतो, चार पत्र्यांत १३ फूट. लांबीत दोन्हीकडं ११-११ इंच बाहेर येतोय.

नैऋत्येचा वारा म्हणून पत्रे उत्तरेच्या टोकाकडनं घालायला सुरू करायचे आणि दक्षिणेकडं यायचं, म्हणजे वरच्या पत्र्याची मोकळी कड वाऱ्याच्या पाठीला राहते आणि पाणी फटीत शिरत नाही. स्क्रू रबरी वॉशरचे, पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळग्यात नाही, खळग्यातनंच पाणी वाहतंय. वॉशर दबला की थांबा, पार चेपून फुटला तर तिथं गळती. कडांच्या पट्ट्यांवर दर दुसऱ्या उंचवट्याला स्क्रू, मधल्या पट्टीवर दर तिसऱ्याला चालतंय. कडेला कंजुषी नको, कारण आपल्याकडं पत्रे उडतात ते जुलैच्या पावसात नाही तर एप्रिल-मेच्या वळवात, आणि त्या वाऱ्याचा नेम नाही, कुठनंही शिरतो आणि पत्रा खालनं उचलतो.

भंगारात जुने सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळतात, घेऊ नका. जुन्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतंय, कापताना भोक पाडताना जी धूळ उडते ती फुफ्फुसात गेली की कायमची. घरावर आधीच असतील तर तसेच राहू द्या, फोडू नका, घासू नका.

पत्र्यावर चढताना पाय पट्टीच्या रेषेवरच, स्क्रूची रांग दिसते तिथं. आणि दव पडलेलं असताना चढू नका. सकाळी आठला चढलो होतो, खाली आलो ते अपेक्षेपेक्षा लवकर.

पन्हळ, ड्रम आणि शोषखड्डा

आता हिशोब बघा. पत्रा १३ बाय १०, म्हणजे १३० चौरस फूट, साधारण १२ चौरस मीटर. एक मिमी पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. दिवसाला ५० मिमी पाऊस झाला, जो आपल्याकडं जुलैत काही नवीन नाही, तर ह्या एवढ्याशा शेडवरनं ६०० लिटर पाणी खाली येतंय. २०० लिटरचा ड्रम १७ मिमीतच भरला. हे ६०० लिटर रोज मागच्या खांबांच्या बुडाशी पडत राहिलं तर काय होईल ते माझ्या पहिल्या शेडला विचारा.

पन्हळीला ६ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून घेतला, एका पाइपाच्या दोन पन्हळी होतात, दुसरी घराच्या वळचणीला लावलो. १३ फुटांत दीड इंच उतार द्यायचा, दर ३ फुटांवर आधार, कारण भरलेली पन्हळ जड होते आणि मध्ये झोळ येतो. खाली ३ इंची पाइप, ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी बांधूनच, नाहीतर डासांची पैदास आणि डेंग्यू. पहिल्या एकदोन पावसाचं पाणी ड्रममध्ये घेऊ नका, पत्र्यावरची धूळ, पाला, चिमण्यांची घाण सगळं त्यात असतंय. हे पाणी झाडांना, फरशी धुवायला, हात धुवायला. पिण्यासाठी नाही.

ड्रम भरल्यावर वरनं वाहणाऱ्या पाण्याला पण वाट पाहिजे. शेडपासनं आणि घराच्या पायापासनं १० फूट लांब शोषखड्डा, ३ बाय ३ आणि ४ फूट खोल, खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी. तांबड्या मातीत हा सुंदर चालतो. काळ्या मातीत चालत नाही, भरून राहतो आणि वर दलदल होते, तिथं सरळ चर काढून पाणी गटारीकडं न्या. शेड करताना निघालेली तांबडी माती आमच्याकडं दिवाळीत पोरांच्या किल्ल्याला गेली, आख्ख्या गल्लीला पुरली.

जमीन

आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ६ इंच वर, हे धरून चाला. मुरूम ठोकून झाला की दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड जवळजवळ रचून केलेला थर, फटींत बारीक खडी, आणि वर ४ इंच काँक्रीट, इथं १:३:६ पुरतंय. ९६ चौरस फुटांना ३२ घनफूट, चार पोती सिमेंट. तोंडाच्या बाजूला १ इंच उतार द्या, म्हणजे धुतलं की पाणी बाहेर. वरनं गुळगुळीत घोटू नका, खराट्यानं हलक्या रेघा ओढा. पावसाळ्यात आपल्याकडं शेवाळ किती पटकन धरतंय ते सांगायला नको, आणि हातात चालू ग्राइंडर असताना पाय घसरणं म्हणजे खेळ नाही. स्वयंपाकघराच्या दारापासनं शेडपर्यंत पाऊल-पाऊल अंतरावर खडबडीत दगड बसवा, तासलेली फरशी नको.

टेबल

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो वसूल झाला. उंची कशी ठरवायची तर ताठ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, मनगटाची उंची ती टेबलाची उंची. माझी ३३ इंच आली. दुसऱ्याचं माप घेऊ नका, दोन इंच कमी झाले तर रंधा मारून कंबर धरते. लांबी ५ फूट, रुंदी २ फूट, ह्यापेक्षा रुंद केलं तर पलीकडं टांगलेल्या हत्यारांना हात पोचत नाही.

वरची फळी जाड पाहिजे. दुकानातनं घ्यायची तर १९ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ३८ मिमी. पण आधी जुन्या घरांच्या सामानाच्या वखारी फिरा. गल्लीतली जुनी घरं पडायला लागलीत, त्यांची सागवानी दारं, तुळया, वासे तिथं येतात, वाईट वाटतं पण लाकूड मात्र पन्नास-साठ वर्षं वाळलेलं, आता वाकणार नाही. मला एक दार मिळालं, कडी-कोयंड्यासकट. पावती मागून घ्या. परड्यातलं किंवा शेतातलं झाड तोडून लाकूड करायचा विचार असेल तर आधी वनखात्याकडं चौकशी करा, साग-शिसव तर परवानगीशिवाय हलवायचं सुद्धा नाही.

जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात, करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. स्पीकरमधला काढलेला चुंबक उत्तम.

पाय ३ बाय ३ इंचाचे चार. आडव्या पट्ट्या पायाला नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, पायात पाऊण इंच खाच पाडून पट्टी आत बसवा आणि १० मिमीचा बोल्ट आरपार, दोन्हीकडं वॉशर. म्हणजे वजन लाकूड घेतंय, बोल्ट नुसता धरून ठेवतो. मागच्या बाजूला एक तिरका टेकू अवश्य, त्याच्याशिवाय रंधा मारताना टेबल डुलतं. पायाखाली कडप्पाचे तुकडे ठेवा, लाकूड थेट जमिनीला लागलं की ओल वर चढते आणि पाठोपाठ वाळवी. काळं जळकं ऑइल फासायची पद्धत आहे आपल्याकडं, मी करत नाही, हाताला कपड्याला लागतं, पावसात धुऊन मातीत जातं आणि त्याच मातीत आमची कोथिंबीर आहे.

वरचं दार पायांच्या चौकटीला बसवताना मागच्या स्क्रूची भोकं थोडी लांबट करा. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतंय, उन्हाळ्यात आकसतंय, त्याला सरकायला जागा नसेल तर मध्ये चीर जाते. शिकंजा, म्हणजे लाकूड घट्ट पकडायचा व्हाइस, ४ इंची पुरे, पण तो बसवायचा पायाच्या बरोब्बर वर, दोन पायांच्या मध्ये बसवला तर ठोकताना फळी उसळते.

वीज

ही जागा हौसेची नाही. वायरमन बोलवा आणि त्याला एवढं सांगा: घरातल्या बोर्डातनं वेगळी लाइन, अडीच चौरस मिमीची वायर कंड्युइटमधनं (वायरीच्या पाइपातनं), १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). "अर्थिंग आहे की ओ" असं म्हणून आरसीसीबी टाळला तर ऐकू नका. ओली जमीन, लोखंडी खांब, पत्रा आणि हातात मशीन, करंट लागला तर एमसीबी तुम्हाला वाचवत नाही, तो वायरीला वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्याचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा दाबून बघा, पडला पाहिजे. शेडचं लोखंड पण अर्थिंगला जोडून घ्या. सॉकेट जमिनीपासनं ४ फुटांवर, पश्चिमेच्या बाजूला नाही.

ग्राइंडरबद्दल दोनच गोष्टी. चाकावरचं गार्ड काढायचं नाही, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही, कितीही जण लावताना दिसले तरी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो, दात लाकडात अडकला की मशीन हातातनं सुटून अंगावर येतं. चाकावर जो जास्तीत जास्त वेग छापलेला असतोय तो मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा. चष्मा घाला, चपला नको बूट, आणि ड्रिल चालवताना हातमोजे नको, ते गुंडाळले जातात.

कधी सुरू करायचं

तुळशीचं लग्न झालं की आखणी आणि खड्डे. जानेवारीपर्यंत खांब आणि पत्रा, कारण मार्चनंतर वळीव कधीही गाठतो. फेब्रुवारीत जमीन, आणि टेबल मात्र एप्रिल-मेत, लाकूड सगळ्यात कोरडं असतंय तेव्हा. ७ जूनला मृग निघतो, त्याच्या आधी पन्हळीतला पाला काढा, स्क्रू एकदा हातानं तपासा आणि हत्यारांना मशीन ऑइलचा हात फिरवा. खोबरेल नको, ते वाळून चिकट होतंय. रंधा, पटाशी, कानस उघड्यावर टांगायची जागा पावसाळ्यात नाहीच, झाकणाच्या पेटीत ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बूट-पर्सच्या खोक्यात येतात त्याच, कढईत मंद आचेवर थोड्या तापवल्या की परत चालतात, फक्त दाणे पुडीतनं काढून तापवायचे आणि ती कढई परत स्वयंपाकात न्यायची नाही.

टेबलाला ड्रॉवर करणार असाल तर मेमध्ये करताना दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी जागा सोडा. तरीही जुलैत तो जाम होणारच. रंधा मारून बारीक करू नका, मी केलो, आणि नोव्हेंबरात तो इतका सैल झाला की उघडला की पायावर पडायला लागला. मेणबत्ती घासा, त्यातल्या गरजेच्या वस्तू बाहेर काढून ठेवा आणि पाऊस जाईपर्यंत त्याला हात लावू नका.